निरोप आणि औषध

वर्धा शहराजवळील सेवाग्राम येथे महात्मा गांधी १९३६ साली राहावयास आले. पुढे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. विद्यार्थी घरोघर जातात, लोकांची सुखदुःखे ऐकतात. औषध देण्यापूर्वी माणूस समजला पाहिजे, हा त्यामागील हेतू होय.

आता खेड्यात डॉक्टर पोहोचण्यापूर्वीच मोबाइलवरून आरोग्याचे निरोप पोहोचतात. समाजमाध्यमांमुळे एकाचा निरोप क्षणात हजारोंच्या हाती पडतो. त्यांतील काही हितकारक असतात, तर काही घातक. ते ओळखावे कसे, हा प्रश्न आजच्या विचारी वैद्यापुढे उभा आहे.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात कपाशीच्या शेतात काम करताना एखाद्यास साप चावतो. अशा वेळी अमुक पाला खाण्याचा निरोप फिरत असतो. ‘आमचा माणूस याच पाल्याने वाचला’, असेही त्यात लिहिलेले असते. लिहिणारा खोटेच बोलतो असे नव्हे. आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. तो माणूस पाला न खाताही वाचला असता. पण यश मात्र पाल्याच्या पदरात पडते. आणि ज्यांना पाल्याने गुण आला नाही, ते निरोप लिहावयास उरत नाहीत!

नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाची लस हाच खरा उपाय होय. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि त्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. दोरी आवळून बांधू नये. जखम कापू नये. पाल्याच्या शोधात गेलेला तास परत मिळत नाही.

मग मोबाइल टाकून द्यावा काय? मुळीच नाही. करोनाच्या साथीत, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकसेवेचे नियम जाहीर केले. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर दूर असलेल्या रुग्णासही मोबाइलवरून सल्ला देऊ शकतात. तेथे सल्ला देणारा रुग्णाची विचारपूस करतो आणि आपल्या शब्दाची जबाबदारी घेतो. भटक्या निरोपाला मात्र ना नाव असते, ना गाव.

बोलण्याइतकीच मौनाचीही जबाबदारी वैद्यावर असते. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा उपदेश चरकसंहितेत केलेला आहे. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून समाजमाध्यमांवर टाकणे हा त्या उपदेशाचा भंगच होय. हेतू कौतुकाचा असला, तरी एकदा चहूकडे गेलेले चित्र परत बोलावता येत नाही.

म्हणून आरोग्याचा निरोप पुढे धाडण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर थांबावे. हे कोण सांगतो? त्यास हे कसे कळले? यात कोणाची खाजगी गोष्ट तर उघडी पडत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवावा. एखाद्याचे प्राण त्यामुळे वाचू शकतात.

स्वाध्याय

१. पाल्याने माणूस वाचला, असे लोकांना का वाटते?
२. साप चावल्यास काय करावे व काय करू नये?
३. वैद्याने मौन का पाळावे, ते तुमच्या शब्दांत लिहा.