हॅवक ‘करता’ येत नाही, मग काय करायचं?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. निबंधात तिने ‘द रेन डिड हॅवक इन अवर व्हिलेज’ असं लिहिलं. बाईंनी ‘डिड’वर काट मारून वर ‘रीक्ड’ लिहून दिलं. घरच्या कोशात ‘हॅवक’चा अर्थ विध्वंस, हाहाकार असा मिळाला, पण हे ‘रीक’ काय प्रकरण आहे? शिवाय परवा एका जाहिरातीत दमट हवेमुळे केसांचा ‘हॅवक’ होतो असं काहीतरी ऐकलं. केसांचा कसला आलाय विध्वंस? हा शब्द नेमका वापरायचा कुठे?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : बाईंचं बरोबर आहे, पण मुलीची चूकही अगदी मराठी माणसाला शोभेल अशी आहे. आपण सगळ्याला ‘करणे’ लावतो. आपल्याच भाषेत मात्र धुमाकूळ कुणी ‘करत’ नाही, घालतो. हाहाकार माजतो, बोजवारा उडतो, तारांबळही उडतेच. ‘पावसाने धुमाकूळ केला’ असं कुणी म्हणालं तर अर्थ पोचेल, पण बोलणारा इथला नाही हेही लगेच कळेल. हॅवकचं तसंच आहे. त्याच्याबरोबर मुख्यतः चार क्रियापदं नांदतात : रीक, प्ले, कॉज आणि क्रिएट. शेवटची दोन सोपी आहेत आणि कुठेही चालतात. खरी गंमत पहिल्या दोघांत आहे.

‘रीक’च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला डब्ल्यू असतो, पण त्याचा उच्चार करायचा नाही. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा संबंध सूड उगवण्याशी होता. आज ते एकट्याने फारसं हिंडत नाही. सूड, नासधूस, हानी आणि हॅवक अशा मोजक्याच नामांच्या सोबत दिसतं. त्यामुळे ते सुटं पाठ करण्यात अर्थ नाही, ‘रीक हॅवक ऑन’ असा तीन शब्दांचा जुडगाच डोक्यात ठेवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. त्याबद्दल ‘द सायक्लोन रीक्ड हॅवक ऑन द ऑर्चर्ड्स’ म्हणावं. तिथे शब्द आणि घटना एकमेकांच्या तोडीची आहेत.

याच ठिकाणी इंग्रज मंडळीही घसरतात. ‘रीक’ऐवजी ‘रेक’ लिहितात, म्हणजे मोडतोड करणे. मग ‘रेक्ड हॅवक’चा अर्थ हाहाकाराचाच चुराडा केला असा होतो, जे खरं तर पुण्यकर्म ठरेल. डब्ल्यू गाळून लिहिलं तर आणखी पंचाईत, कारण त्या ‘रीक’चा अर्थ घाण वास येणे. भूतकाळात ‘रॉट हॅवक’ असंही वाचायला मिळेल. हे ‘रॉट’ खिडकीच्या गजांना आपण ‘रॉट आयर्न’ म्हणतो त्यातलं, म्हणजे ‘वर्क’चं जुनं रूप. ते रीकचं भूतकाळी रूप नव्हे. चांगल्या लेखकांनीही ते वापरलं आहे, त्यामुळे चूक म्हणवत नाही. परीक्षेत मात्र ‘रीक्ड’च लिहावं, उगाच तपासणाऱ्याशी वाद नको.

आता तुमच्या केसांकडे येतो. ‘प्ले हॅवक विथ’ हा प्रयोग घडी बसलेली गोष्ट विस्कटण्यासाठी आहे. वेळापत्रक, पचन, झोप, महिन्याचं अंदाजपत्रक, केस. ‘नाइट शिफ्ट्स प्ले हॅवक विथ माय स्लीप’ हे अगदी रोजचं, घरगुती वाक्य आहे. त्यात घर पडत नाही की रक्त सांडत नाही. मराठीत आपण ‘रात्रपाळीने झोपेचं खोबरं केलं’ म्हणतो, तेव्हा कुणी नारळ शोधत नाही. तेव्हा जाहिरातवाले चुकले नाहीत, जरा नाटकी बोलले इतकंच. अर्थात जाहिरात इंग्रजीत असेल तर तिथे केसांचा हॅवक ‘होत’ नाही. दमट हवा केसांशी हॅवक ‘खेळते’.

शब्दाचा जन्म मात्र घरगुती नाही. मध्ययुगात ही रणांगणावरची आरोळी होती. जुन्या फ्रेंचमधून ती इंग्रजी सैन्यात आली. आरोळी उठली की शिपायांना लुटीची मोकळीक मिळाली असं समजायचं. तिचा धोका शत्रूइतकाच स्वतःच्या सेनापतीलाही होता. लढाई पुरती जिंकायच्या आतच कुणी आगाऊ शिपाई ओरडला, तर रांगा मोडून सगळे लुटीमागे धावत आणि सैन्य उघडं पडे. म्हणून दुसऱ्या रिचर्डने १३८५ मध्ये स्कॉटलंडवर चाल करताना फौजेसाठी जे नियम काढले, त्यांत ही आरोळी ठोकणाऱ्याला शिरच्छेदाची शिक्षा होती. एका शब्दासाठी डोकं! पुढे शेक्सपिअरने ‘ज्युलिअस सीझर’मध्ये सीझरच्या प्रेताशेजारी उभ्या असलेल्या ॲन्टनीच्या तोंडी ही आरोळी घातली आणि ती अमर झाली. फ्रेडरिक फोर्सिथच्या १९७४ सालच्या ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ या कादंबरीचं नाव त्याच ओळीतून उचललेलं आहे.

हा इतिहास सांगण्यामागे हेतू आहे. आरोळी कुणीतरी ठोकावी लागते, आणि हॅवकमागेही कुणीतरी लागतो, मग तो पाऊस असो, माकडं असोत की मधुमेह. ‘केऑस’चं तसं नाही. केऑस ही नुसती अवस्था, म्हणजे सावळा गोंधळ. कुणी केला ते सांगितलं नाही तरी चालतं. त्यामुळे ‘माय रूम इज इन केऑस’ ठीक, पण तिथे हॅवक घातला तर कानाला खटकतो. उलट माकडांची टोळी परसात शिरून पपया, पेरू, वाळत घातलेले सांडगे सगळ्यांची वाट लावून गेली, तर केऑस कमी पडतो. ‘मंकीज रीक्ड हॅवक इन द बॅकयार्ड’ हेच शोभतं. (‘मेहेम’ हा तिसरा भाऊ. इंग्रजी कायद्यात पूर्वी तो एखाद्याचा अवयव निकामी करण्याचा गुन्हा होता. आता तो दंगामस्तीलाही चालतो. त्याचं पुन्हा कधीतरी.)

माझी तक्रार आहे ती आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांबद्दल. पावसाळा लागला की मथळ्यात हॅवक ठरलेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याला हा शब्द द्या, जरूर द्या. पण लोकल वीस मिनिटं उशिरा धावली तरी तोच शब्द? तिथे ‘डिसरप्टेड’ पुरे. मुलीलाही एवढं सांगा, की गावात नुसतं पाणी साचलं असेल तर तसंच लिहावं. घरं पडली, गुरं वाहून गेली, तर मग बाईंचं ‘रीक्ड हॅवक’.

राहता राहिलं व्याकरण. हॅवक मोजता येत नाही, म्हणून आधी ‘अ’ नको आणि शेवटी एस नको. उच्चार ‘हॅवक’, जोर ‘हॅ’वर. आपण ‘हॅवॉक’ म्हणतो त्यात उगाच ‘वॉ’ ताणला जातो. त्याचं क्रियापदही कोशात आहे, पण आज क्वचितच कुणी वापरतं. वापरायची हौस आलीच तर ‘हॅवक्ड’ लिहिताना सीनंतर के घालावा लागतो, ‘पॅनिक्ड’ आणि ‘पिकनिकिंग’मध्ये घालतो तसाच.