शोधयंत्राचे अंतरंग : पान सापडते कसे, गाळले जाते कसे?

काही महिन्यांपूर्वी साठीच्या घरातील एक गृहस्थ तपासणीसाठी आले. मधुमेहाचे जुने रुग्ण. रक्तशर्करा कधी नव्हे इतकी वाढलेली. चौकशी करता कळले की, तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी गोळ्या बंद करून एक काढा सुरू केला होता. "डॉक्टरसाहेब, गूगलवर पहिल्याच क्रमांकावर होतं हो ते," हे त्यांचे समर्थन. पहिला क्रमांक म्हणजे पहिल्या प्रतीचे सत्य, ही समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ती कितपत खरी, हे ठरवायचे तर शोधयंत्राचे, म्हणजेच सर्च इंजिनचे, कार्य कसे चालते हे पाहिले पाहिजे.

संचार

आपण प्रश्न विचारला की शोधयंत्र महाजालात धावत सुटते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते काम आधीच झालेले असते. 'क्रॉलर' नावाचे प्रोग्राम अहोरात्र एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातात आणि त्या पानांची प्रत घेऊन येतात. ज्या पानाकडे कोठूनही दुवा जात नाही, ते त्यांना सहसा सापडत नाही. आत कोठे येऊ नये हे क्रॉलरला सांगण्यासाठी 'रोबोट्स' नावाची एक लहानशी फाइल संकेतस्थळावर ठेवण्याचा संकेत १९९४ साली रूढ झाला. परंतु ती दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य क्रॉलर ती पाळतो. इतरांना ती अडवू शकत नाही. रुग्णांचे अहवाल संकेतस्थळावर ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. तेथे पासवर्डच हवा.

सूची

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील 'इंडेक्स मेडिकस'चे जाड खंड आपल्यापैकी अनेकांनी चाळले असतील. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केलेली ही सूची २००४ पर्यंत छापील स्वरूपात निघत होती. तेथे तज्ज्ञ मंडळी लेख पाहून तो कोणत्या विषयाखाली घालावयाचा हे ठरवीत. शोधयंत्राची सूची मुळात शब्दांची असते : अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आहे याची नोंद. आपण 'मधुमेह' असे लिहिताच ही तयार सूची उघडली जाते.

मराठीच्या दृष्टीने येथे एक मेख आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. यंत्राला मात्र त्यात रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. त्यामुळे तशा फॉन्टमधील उत्तम आरोग्यलेखही 'मधुमेह' या शब्दाखाली नोंदला जात नाही. चांगले मराठी लेखन अशा रीतीने अदृश्य राहते आणि रिकामी जागा काढेवाले भरून काढतात.

क्रमांक

सूचीत हजारो पाने असली तर पहिले कोणते? लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९८ च्या सुमारास याचे जे उत्तर शोधले, ते आपल्याला अपरिचित नाही. यूजीन गारफील्ड यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'प्रमाणे, ज्याचा उल्लेख अधिक आणि मान्यवरांकडून होतो, ते महत्त्वाचे. दुवा म्हणजे एक प्रकारचे मतच.

या पद्धतीची मर्यादाही आपल्याच क्षेत्रात दिसते. गोवराची एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचविणारा वेकफील्ड यांचा लेख १९९८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. दरम्यान त्याचा उल्लेख असंख्य वेळा झाला, पुष्कळदा तो खोडून काढण्यासाठीच. मोजणाऱ्या यंत्राला गौरव आणि खंडन यांतील भेद सहजी कळत नाही. आज क्रम ठरविताना दुव्यांखेरीज इतर अनेक निकष लावले जातात. तरीही लोकमान्यता आणि सत्य या दोन गोष्टी वेगळ्याच राहतात.

झडती

शोधयंत्रे लबाडी शोधतात हे खरे. यंत्रासाठी एक आणि वाचकासाठी दुसरे पान ठेवणे, विकतचे दुवे, लपविलेले शब्द यांना शिक्षा होते. वाहनासाठी प्रसिद्ध असलेल्या बीएमडब्ल्यू कंपनीचे जर्मन संकेतस्थळ अशाच कारणाने गूगलने फेब्रुवारी २००६ मध्ये काही काळ सूचीतून काढले होते. मार्च २०२४ मध्ये घाऊक प्रमाणात निर्माण केलेल्या निकृष्ट पानांविरुद्ध गूगलने नवे नियम जाहीर केले. आरोग्यविषयक पानांना कडक निकष लावावेत, असेही गूगलच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. मात्र तिच्या आधारे परीक्षक जे गुण देतात, ते यंत्राचे काम नीट चालले आहे की नाही हे पाहण्यासाठी असतात. त्यांवरून एखाद्या पानाचा क्रमांक थेट ठरत नाही. प्रत्येक पान कोणी डॉक्टर तपासून पाहतो, असे तर मुळीच नाही.

कायद्याचा पहारा निराळा. पीसीपीएनडीटी कायद्याच्या कलम २२ नुसार लिंगनिदानाच्या जाहिरातीस बंदी आहे. डॉ. साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी २००८ मध्ये केलेल्या याचिकेवर, अशी जाहिरात कळविली जाताच ३६ तासांत काढावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये शोधयंत्र कंपन्यांना दिला. ज्ञानासाठी केलेल्या शोधावर बंधन नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. ध्यानात घ्यावे ते असे की, हे काम यंत्राने आपणहून केले नाही. कोणीतरी न्यायालयाचे दार ठोठावले तेव्हा ते झाले.

आपले कर्तव्य

सारांश, संचार, सूची, क्रमांक आणि झडती या चार पायऱ्यांपैकी एकीवरही औषधाची योग्यता तपासली जात नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर पानांच्याही वर झळकते. ते चुकले तरी त्याचा आत्मविश्वास ढळत नाही.

म्हणून रुग्णाने 'गूगलवर वाचले' म्हटल्यास रागावू नये. ते पान त्याच्यासमवेत उघडावे. कोणी लिहिले, केव्हा लिहिले, काय विकावयाचे आहे, हे तीन प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत. आणि आपण स्वतः चार ओळी का होईना, युनिकोड मराठीत, नाव, पात्रता व दिनांक घालून लिहावे. आमच्या त्या गृहस्थांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. "मग खरं आहे ते मराठीत कुठं वाचू?" असे त्यांनी जाताना विचारले. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मजजवळ नव्हते. ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.