स्पॉन्सर असतानाच स्वतःचा अर्ज

मेलबर्नला नव्याने आलेली मराठी मुलं-मुली भेटली की बोलता बोलता एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कंपनी म्हणतेय, दोन वर्षांनी आम्हीच पीआर करून देऊ. तोवर थांबू, की स्वतः १८९ टाकू?" दोन्हींतला एकच रस्ता आजच धरायचा आहे, असं गृहीत धरून हा प्रश्न विचारलेला असतो. माझं सांगणं वेगळं आहे. निवड शेवटी करायची असते. सुरुवातीपासून तयारी दोन्हीकडची ठेवायची.

४८२ हा कंपनीने स्पॉन्सर केलेला तात्पुरता व्हिसा आहे. डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव 'स्किल्स इन डिमांड' झालं, क्रमांक तोच राहिला. १८९ मात्र तुमच्या स्वतःच्या गुणांवर मिळणारा कायम वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा व्हिसा आहे, त्यात कंपनी लागत नाही. या दोन्हींच्या मध्ये १८६ आहे. त्यात कंपनी तुमचं नाव पुढे करते आणि पीआर मिळते.

मी २०१८ मध्ये हिंजवडीतली नोकरी सोडून ४८२ वर आले. नवरा आणि मुलगी माझ्याच व्हिसावर. तेव्हाचा नियम असा की एकाच स्पॉन्सरकडे तीन वर्षं काढली की १८६ साठी पात्र. मॅनेजरने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, काळजी करू नकोस, आम्ही करून देऊ. त्याने ते मनापासून सांगितलं होतं. मग २०२० उजाडलं. कोविडमुळे २० मार्चला सीमा बंद झाल्या. सरकारने पगार चालू ठेवण्यासाठी 'जॉबकीपर' योजना आणली, तिच्यातून आम्हा तात्पुरत्या व्हिसावाल्यांना वगळलं. एप्रिलमध्ये तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन यांनी, ज्यांना इथे स्वतःचा खर्च भागवता येत नसेल त्यांनी मायदेशी परतावं, असं जाहीरपणे सांगितलं. काही महिन्यांत माझा विभागच बंद झाला. मॅनेजरचीही नोकरी गेली. आश्वासन देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, त्याची खुर्ची टिकेल याची खात्री त्याला स्वतःलाही नसते.

त्या वेळी हातात ६० दिवस असायचे. तेवढ्यात नव्या कंपनीने नॉमिनेशन करायचं, नाहीतर देश सोडायचा. भरती गोठलेल्या त्या दिवसांत मला कमी पगारावर का होईना, एक कंपनी मिळाली. पण नव्या कंपनीत तीन वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आधीची दोन वर्षं १८६ च्या हिशेबातून पुसली गेली.

तेव्हा मला तारलं ते २०१९ पासून चालू ठेवलेल्या ईओआयने, म्हणजे १८९ साठीच्या इच्छापत्राने. अर्थात तो रस्ताही सरळ नव्हता. महामारीत इन्व्हाइट, म्हणजे अर्ज करण्याची निमंत्रणं, जवळजवळ थांबली. मी तेहेतिशीत गेले आणि वयाचे पाच गुण कमी झाले. इथल्या अनुभवाची तीन वर्षं भरल्यामुळे पाच वाढले, म्हणून मी जिथल्या तिथे राहिले. त्याच काळात नाशिकला बाबांचं ऑपरेशन झालं. भाऊ एकटा धावपळ करत होता. मला इथून निघायला कोणाची परवानगी लागत नव्हती, पण परत येण्याचा हक्क नव्हता. पीआर असलेल्यांचं नेमकं उलट होतं. त्यांना बाहेर पडायला परवानगी लागायची, परतीचा दरवाजा मात्र त्यांचा स्वतःचा होता. या दोन व्हिसांतलं अंतर मला तेव्हा जेवढं कळलं तेवढं कुठलंही माहितीपत्रक वाचून कळलं नसतं. २०२२ च्या उत्तरार्धात इन्व्हाइट पुन्हा सुरू झाली, माझंही आलं, आणि पुढच्या वर्षी ग्रँट, म्हणजे व्हिसाची मंजुरी, मिळाली.

आजचे नियम पुष्कळ सौम्य आहेत. १ जुलै २०२४ पासून स्पॉन्सर सुटला तर सलग १८० दिवस, आणि व्हिसाच्या काळात एकूण ३६५ दिवस मिळतात. त्या मुदतीत दुसरीकडे कामही करता येतं. १८६ साठी आता दोन वर्षं पुरतात, आणि ती वेगवेगळ्या मान्यताप्राप्त स्पॉन्सरांकडची असली तरी चालतात. त्यामुळे चाळिशीकडे झुकलेल्या किंवा आयटीच्या गर्दीत असलेल्या माणसाला मी १८६ कडे जास्त लक्ष द्यायला सांगते. १८९ ची कायद्याने किमान पातळी ६५ गुणांची आहे, पण आयटीत इन्व्हाइट त्याहून पुष्कळ वर जातात. नर्स, शिक्षक किंवा हाताच्या कौशल्याची कामं करणाऱ्यांचं गणित वेगळं. वय २५ ते ३२ मध्ये असेल तर वयाचेच ३० गुण मिळतात. अशांनी कंपनीच्या भरवशावर एक महिनाही घालवू नये.

गुणांचा हिशेब कागद-पेन घेऊन करा. वयाचे गुण तेहेतिसाव्या वाढदिवसाला कमी होतात, चाळिसाव्याला आणखी उतरतात, आणि पंचेचाळिसाव्याला दार बंद होतं. इंग्रजीच्या सर्वोच्च पातळीला २० गुण आहेत. एवढे गुण एका परीक्षेत दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत, तेव्हा ती पुन्हा द्यावी लागली तर द्या. जोडीदाराचं कौशल्य-मूल्यांकन झालं असेल तर १० गुण, नुसतं पुरेसं इंग्रजी असेल तर ५. आणि आपल्या हक्काचे आणखी पाच आहेत: नाटी या संस्थेची सीसीएल परीक्षा मराठीतूनही देता येते. दोन संवाद दोन्ही भाषांत तोंडी भाषांतर करून सांगायचे, ९० पैकी ६३ गुण हवेत आणि प्रत्येक संवादात किमान २९. घरात मराठी बोलतो म्हणून ती तयारीविना देऊ नका. त्यात दवाखाना, कोर्ट, विमा, भाडेकरार यांची भाषा येते, आणि आपण ती रोज इंग्रजीतच बोलत असतो.

आता भारतातले कागद. आयटीवाल्यांचं मूल्यांकन ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी (एसीएस) करते, आणि संगणकाची पदवी व काम जुळत असलं तरी साधारण दोन वर्षांचा अनुभव वजा करते. पुण्यातली सहा वर्षं हिशेबात चार उरतात, हे धरूनच बेत करा. त्याहून मोठी अडचण पत्रांची. आपल्याकडे एचआर 'अमुक ते तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते' एवढंच लिहून देतं. इथे कामाचं स्वरूप सविस्तर लागतं. कंपनी बंद पडते, साहेब दुसरीकडे जातात, मग ते पत्र कोणाकडून आणणार? विमानात बसण्याआधी घ्या. फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा, पीएफचा उतारा जपून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी गुणपत्रिका, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला यांतली नावं आताच ताडून बघा. आडनाव आधी लिहायची आपली पद्धत इथल्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते.

पैशाबद्दल एकच गोष्ट ठामपणे सांगते. स्पॉन्सर करताना कंपनीने सरकारला भरायचा प्रशिक्षण-निधी तुमच्याकडून वसूल करणं बेकायदा आहे, आणि स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं हा गुन्हा आहे. फेअर वर्क ओम्बड्समनकडे तक्रार करायला तात्पुरता व्हिसा आड येत नाही. सल्ला हवा असेल तर इथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा घ्या, त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासता येतो. पुण्या-मुंबईत पाटी लावून बसलेल्याला इथला नोंदणीचा कायदा लागू होतोच असं नाही.

शेवटचा धोका सगळ्यांत मोठा, आणि तो नेमका आनंदाच्या क्षणी येतो. १८९ चं इन्व्हाइट आलं की ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. इथूनच अर्ज केला की ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो, मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेसाठीही नाव नोंदवता येतं, आणि माणसाला वाटतं की आता सुटलो. सुटलेला नसतो. तो ब्रिजिंग व्हिसा ४८२ ची मुदत संपेपर्यंत नुसता पडून असतो, आणि तोवर ४८२ च्या सगळ्या अटी, स्पॉन्सरकडेच काम करण्याचीही, जशाच्या तशा लागू असतात. मुदत संपून ४८२ गेला तर ब्रिजिंग व्हिसा पुढे चालतो. पण नोकरी सोडली, १८० दिवस उलटले आणि गृह खात्याने ४८२ रद्द केला, तर ब्रिजिंग व्हिसा ए त्याच्यासोबतच जातो. मग कामाची मुभा नसलेल्या दुसऱ्या ब्रिजिंग व्हिसावर बसून काम करण्याची परवानगी मागत राहावी लागते. आणि ब्रिजिंग व्हिसा ए लागू झाल्यावर गणपतीला घरी जायचं असेल, तर आधी ब्रिजिंग व्हिसा बी काढा. तो नसताना बाहेर गेलात तर त्या व्हिसावर परत येता येत नाही.

म्हणून दुसऱ्या कंपनीची कितीही चांगली ऑफर असो, राजीनाम्याचा क्रम बदलू नका. ग्रँटचं पत्र आलं, व्हेवो या व्हिसा तपासण्याच्या सरकारी वेबसाइटवर जाऊन स्वतःच्या नावापुढे १८९ दिसतोय आणि कामाची कुठलीही अट नाही हे पाहिलं, जोडीदार आणि मुलांचंही तपासलं, की त्या दिवशी मॅनेजरला मेल करा. नोटीस पिरियड तिथून मोजा.