एकट्याचा डाव आणि सवंगड्यांचा डाव

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे, माहुल नावाचे गाव आहे. मूळचे हे कोळ्यांचे गाव. त्याच्या एका अंगास खाडी व तिवरांची झाडी आहे. थंडीच्या दिवसांत शिवडी-माहुलच्या चिखलपट्टीवर रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत मुक्काम करतात. दुसऱ्या अंगास १९५४ व १९५५ साली सुरू झालेले तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने आहेत. अलीकडच्या काळात या परिसरात सात-सात मजल्यांच्या इमारतींची एक विस्तीर्ण वसाहतही उभी राहिली आहे.

कोळ्यांच्या मासेमारीच्या अनेक रीती आहेत. त्यांतील दोन आपल्या आजच्या विषयास उपयोगी पडतील. पाग हे जाळे एकटा मनुष्य टाकतो. गुडघाभर पाण्यात उभे राहून तो पाण्यावरची हालचाल न्याहाळतो, जाळे गोल फेकतो आणि हलकेच ओढून घेतो. मासळी मिळाली तर ती त्याच्या हातोटीने आणि हुकली तर ती त्याच्याच उतावळेपणाने. डोल हे जाळे मात्र एकट्याने लावता येत नाही. त्याला होडी लागते, नाखवा लागतो, खलाशी लागतात. भरती-ओहोटीचा ओढा साधून सर्वांनी एका वेळी हात लावला तरच ते भरलेले जाळे वर येते. पाग श्रेष्ठ की डोल, असे एखाद्या जाणत्या कोळ्यास विचारले, तर तो उलट विचारील, “पाणी कोणते, आणि बरोबर माणसे किती?”

खेळांचेही असेच आहे. सागरगोटे एकटीने घोळवता येतात; लगोरीला दोन बाजू लागतात; आट्यापाट्यांना तर पुरता संघच लागतो. आजच्या मुलांना ज्या खेळांचे फार वेड आहे, त्या व्हिडिओ गेममध्येही हे दोन प्रकार आहेत. एकट्याने खेळायच्या खेळास मुले ‘सिंगल प्लेयर’ म्हणतात व अनेकांनी मिळून खेळायच्या खेळास ‘मल्टिप्लेयर’ म्हणतात. यांपैकी कोणता अधिक चांगला, यावरून मित्रामित्रांत वाद होतात. त्या वादाचा आपण थोडा विचार करू.

प्रथम या खेळांचा जन्म कसा झाला ते पाहू. माहुलच्या शेजारी ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, हे तुम्हांस ठाऊक असेल. अमेरिकेत ब्रुकहेवन येथेही अशीच एक अणुसंशोधनाची प्रयोगशाळा आहे. ती पाहावयास येणारे लोक नुसती यंत्रे पाहून कंटाळतात, हे तेथील विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाच्या ध्यानी आले. त्याने १९५८ साली पाहुण्यांसाठी एक गंमत मांडली. एका लहानशा वाटोळ्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका चेंडूसारखा उडे आणि दोघे जण दोन बाजूंनी तो टोलवत. हा पडद्यावरचा टेनिस खेळण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. पुढे १९६२ साली अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स येथील एका तंत्रविद्यालयात तरुणांनी संगणकावर आकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला. तोही दोघांचाच होता. १९७२ साली बाजारात आलेला ‘पाँग’ हा प्रसिद्ध खेळदेखील खेळण्यास दोघे जण लागत. म्हणजे हे खेळ आरंभी सोबतीनेच खेळले गेले. प्रतिस्पर्धी होऊन उत्तर देण्याचे काम त्या खेळांत यंत्राकडे नव्हते. ते माणसालाच करावे लागे.

एकट्याचा डाव खऱ्या अर्थाने रंगला तो नंतर. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो याने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ केला. यात आकाशातून उतरणाऱ्या शत्रूंच्या रांगा एकट्या खेळाडूने थोपवायच्या असत. त्याची एक मौज ऐकण्यासारखी आहे. यंत्राची शक्ती तोकडी असल्यामुळे पडद्यावर शत्रू पुष्कळ असले की ते संथ चालत. ते कमी होऊ लागले की उरलेले आपोआप वेगाने धावू लागत. निशिकादोने हा दोष दुरुस्त केला नाही, तसाच राहू दिला. त्यामुळे विजय जवळ येई तसतसा खेळ कठीण होई आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागे! पुढे १९८४ साली मॉस्को येथे अलेक्सी पाजित्नोव याने ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ केला. तो जगभर पसरला.

आता एकट्याच्या डावाचे गुण पाहू. त्याचा पहिला गुण असा की तो खेळणाऱ्याच्या सवडीने चालतो. सारा खेळ हातातल्या यंत्रातच घडत असल्यामुळे आईने हाक मारली की तो थांबवता येतो आणि काम आटोपून जेथे सोडला तेथून पुढे चालू करता येतो. दुसरा गुण असा की येथे चुकण्याची लाज नसते. एकच टप्पा वीस वेळा हरला तरी कोणी हसत नाही. खेळणारा आपली चूक स्वतः शोधतो आणि एकविसाव्या वेळी पार होतो. पाग टाकायला शिकणाऱ्या पोराला जो धीर लागतो, तोच येथे लागतो. शिवाय एकट्याच्या काही खेळांत एखाद्या कादंबरीसारखी लांब कथा असते. तिच्यातील डोंगर, नगरे आणि माणसे रमतगमत पाहता येतात.

परंतु या डावाला मर्यादाही आहेत. यंत्रातील प्रतिस्पर्धी रचणाऱ्याने आखून दिलेल्या रीतीने वागतो. त्याची रीत एकदा उमगली की डाव सोपा होतो. यंत्र रुसत नाही, चिडत नाही आणि आपण जिंकल्यावर आपली पाठही थोपटत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही, हे म्हणतात ते येथे खरे वाटते.

सवंगड्यांच्या डावात हे सारे उलट होते. निरनिराळ्या घरांत बसलेले खेळाडू आपापल्या मोबाइलवर जी हालचाल करतात, तिची वर्दी इंटरनेटवरून दूरच्या एका संगणकाकडे जाते. तो संगणक सर्वांचा हिशेब करतो आणि निकाल सर्वांकडे परत पाठवतो. हे एका सेकंदाच्या लहानशा भागात घडते. म्हणूनच असा डाव एकासाठी थांबत नाही. त्या एकाने मध्येच मोबाइल खाली ठेवला, तर त्याच्या साथीदारांचा डाव मोडतो. ‘पब्जी’ या नावाने भारतात गाजलेल्या खेळात शंभर खेळाडू एका बेटावर उतरत. त्यात एकट्याने, दोघांनी किंवा चौघांच्या तुकडीने खेळता येई. चौघांच्या तुकडीत कोणी पुढे जाई, कोणी मागे राहून राखण करी, कोणी घायाळ झालेल्या साथीदाराला उठवी. समोर खरी माणसे खेळत असल्यामुळे कोणताही डाव पहिल्यासारखा होत नसे. बोलणे, ऐकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि दुसऱ्याची चूक पोटात घालणे या गोष्टी अशा डावात शिकता येतात. डोल ओढणाऱ्या खलाशांची शिस्त ती हीच.

या डावाची ओढ किती मोठी असू शकते, हे माहुलच्याच एका उदाहरणावरून कळेल. तानसा धरणाचे पाणी मुंबईत आणणाऱ्या मोठ्या जलवाहिनीलगतची पुष्कळ घरे २०१७ च्या सुमारास हटवण्यात आली आणि तेथील अनेक कुटुंबांना माहुलच्या वसाहतीत घरे देण्यात आली. कारखान्यांच्या शेजारची हवा आरोग्यास बाधते, असे गाऱ्हाणे रहिवाशांनी मांडले. अखेर २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, लोकांवर माहुलला राहावयास जाण्याची सक्ती करता येणार नाही. मोठ्या माणसांचा हा लढा घरांसाठी आणि हवेसाठी होता. पण त्या घरांतून मुलेही होती. आता अशा एखाद्या मुलाची कल्पना करा. जुनी गल्ली गेली. तेथले सवंगडी कोणी विद्याविहारला, कोणी घाटकोपरला, कोणी आणखी दूर पांगले. लगोरी फोडायची तर आता कोणाबरोबर? अशा मुलाला संध्याकाळी अर्धा तास मोबाइलवर तीच चौघांची जुनी तुकडी भेटली आणि “अरे, मागे बघ!” हा ओळखीचा आवाज कानी पडला, तर त्याला केवढा दिलासा वाटेल! त्या अर्ध्या तासात त्याला जो आनंद होतो तो केवळ जिंकण्याचा नसतो. हरवलेली गल्ली त्याला क्षणभर परत मिळालेली असते.

मात्र त्याच घराचा दुसराही विचार केला पाहिजे. खोली एक, माणसे पाच आणि मोबाइल बहुधा एकच. धाकट्या बहिणीला त्यावर अभ्यास करायचा असतो. वडिलांना कामाचा निरोप यायचा असतो. अशा वेळी न थांबणारा डाव घरात तंटा उभा करतो. त्या घरी जो खेळ हाक येताच थांबवता येतो, तोच शहाणपणाचा ठरतो. तेव्हा एकाच मुलाला सोमवारी एक डाव बरा आणि रविवारी दुसरा बरा, असे होऊ शकते.

सवंगड्यांच्या डावात काही धोकेही आहेत. ते ओळखून असावे. तुकडीत ओळखीचे मित्र असतात तसेच कधी पूर्ण अनोळखी लोकही असतात. पडद्याआड कोण बसले आहे हे दिसत नाही. म्हणून आपले नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र अनोळखी माणसास कधीही देऊ नये आणि कोणी अभद्र बोलल्यास खेळ सोडून घरातील मोठ्यांस सांगावे. सरकारनेही या खेळांकडे लक्ष पुरवले आहे. देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन २०२० च्या सप्टेंबरात ‘पब्जी’च्या मोबाइल खेळावर बंदी घालण्यात आली. भारतासाठी निराळी केलेली त्याची आवृत्ती २०२१ मध्ये आली, २०२२ मध्ये बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वेळी अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाकाठी तीन तासांची मर्यादा घातली गेली. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ साली संसदेने कायदा करून बंदीच घातली. त्याच कायद्याने स्पर्धेच्या रूपाने खेळल्या जाणाऱ्या ई-खेळांना मान्यताही दिली.

या स्पर्धांतही दोन्ही प्रकृतींना वाव आहे. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी प्रदर्शनीय म्हणून ई-खेळ झाले. त्यांत पत्त्यांसारख्या एका खेळात कच्छमधील भूजच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक मिळवले. तो पटावर एकटाच बसला होता. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल ई-खेळांच्या स्पर्धेत भारताच्या एका संघानेही कांस्यपदक मिळवले. त्या खेळात पाच जणांनी एकमेकांस सांभाळून खेळावे लागते. व्यक्ती तितक्या प्रकृती! कोणाची बुद्धी एकांतात फुलते, तर कोणाची संगतीत.

मुलांनो, “मी एकट्याने खेळतो म्हणून मी माणूसघाणा” किंवा “तो सर्वांबरोबर खेळतो म्हणून तो उनाड” असे म्हणणे उतावळेपणाचे आहे. खेळ निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा डाव मला हवा तेव्हा थांबवता येईल का? माझ्या बरोबर कोण आहे, हे मला ठाऊक आहे का? आणि खेळ संपल्यावर माझे मन ताजे होते की चिडलेले असते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना फार सचोटी लागते, कारण ते आपल्यावाचून दुसऱ्या कोणास देता येत नाही. तिन्ही उत्तरे चांगली आली, तर डाव एकट्याचा असो की सवंगड्यांचा, तो खुशाल खेळावा. आणि अंगणात लगोरी मांडलेली दिसली, तर मोबाइल ठेवून तिकडेही धावावे.

शब्दार्थ

तिवर – खाऱ्या पाण्यात वाढणारे झाड. रोहित – लांब मानेचा व लांब पायांचा गुलाबी पक्षी. नाखवा – होडीचा प्रमुख. सवंगडी – खेळातील सोबती. वर्दी – खबर. गाऱ्हाणे – तक्रार. माणूसघाणा – माणसांची संगत न आवडणारा.

स्वाध्याय

१. पाग व डोल या जाळ्यांच्या उदाहरणांनी लेखकाने काय सुचवले आहे?

२. आरंभीचे व्हिडिओ गेम खेळण्यास दोघे जण का लागत?

३. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मधील शत्रू शेवटी वेगाने का धावत? निशिकादोने तो दोष तसाच का ठेवला असावा?

४. सवंगड्यांचा डाव एकासाठी का थांबवता येत नाही, ते आपल्या शब्दांत सांगा.

५. ‘हरवलेली गल्ली त्याला क्षणभर परत मिळालेली असते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पोटात घालणे, पाठ थोपटणे, कानी पडणे, वाव असणे.

७. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीवर आपल्या वर्गातील उदाहरणे घेऊन दहा ओळी लिहा.

८. आपल्या आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणचे खेळ विचारा. ‘एकट्याचे’ व ‘सवंगड्यांचे’ अशा दोन रकान्यांत त्यांची नोंद करा.