क्वांटम कॉम्प्युटर आला, की बँकेचं कुलूप तुटेल?

प्रश्न : आमचा नातू इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, क्वांटम कॉम्प्युटर आले की बँकांची सगळी कुलपं मिनिटभरात तुटतील. हे खरं आहे का? असेल तर मुदत ठेव मोडून टाकू का?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : मुदत ठेव मोडू नका. नातू मात्र अगदीच थापा मारत नाहीये.

तुमचा मोबाइल बँकेशी बोलू लागतो, तेव्हा मध्ये कोणीही कान लावून बसलेलं असू शकतं. तरी दोघांना सगळ्यांदेखत एक गुप्त किल्ली ठरवायची असते. हे जमतं ते एका बाजूने सोप्या आणि उलट्या बाजूने अवघड अशा गणितांमुळे. ४७ गुणिले ५९ तुम्ही सहज कराल : २७७३. पण नुसता २७७३ फळ्यावर लिहून ‘अवयव पाडा’ म्हटलं, की वर्ग गप्प होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७मध्ये या अवघडपणावरच ‘आरएसए’ पद्धत उभी केली. त्यांच्या निबंधातल्या उदाहरणात जोडी हीच होती, ४७ आणि ५९. आज सर्रास वापरली जाणारी आरएसएची संख्या ६१७ अंकी असते.

त्याच वर्षी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरात एक १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली गेली. बक्षीस १०० डॉलर. ती फोडायला कोट्यवधी वर्षं लागतील असा तेव्हाचा हिशेब. १९९४मध्ये इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी साध्याच कॉम्प्युटरांवर ती फोडली. आणि नेमकं त्याच साली बेल लॅब्जमधल्या पीटर शोर यांनी दाखवून दिलं, की क्वांटम यंत्र मिळालं तर अशी कितीही मोठी संख्या टिकणार नाही.

‘क्वांटम कॉम्प्युटर सगळ्या किल्ल्या एकाच वेळी लावून पाहतो’ असं वाचायला मिळतं. ते खरं नाही. शोर यांची युक्ती किल्ल्या लावत बसतच नाही. एखाद्या संख्येचे वाढते घात घेऊन त्यांना मोठ्या संख्येने भागत गेलं, तर बाक्या ठरावीक अंतराने पुन्हा येतात. ते अंतर सापडलं की अवयव सापडलेच. साध्या यंत्राला ते अंतर शोधणं जड जातं, क्वांटम यंत्राला जात नाही.

मग अडलंय कुठे? यंत्राच्या आकारावर. तो मोजतात क्यूबिटांत; क्यूबिट म्हणजे क्वांटम यंत्रातला माहितीचा सर्वांत लहान घटक. आयबीएमच्या सात क्यूबिटांच्या यंत्राने २००१मध्ये १५चे अवयव पाडले. ३ आणि ५. तिसरीतल्या मुलाचं काम! गूगलच्या २०२४च्या ‘विलो’ चिपमध्ये १०५ क्यूबिट आहेत. ६१७ अंकी संख्येला किती लागतील? क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरा या संशोधकांनी २०१९मध्ये हिशेब मांडला : दोन कोटी क्यूबिट, आठ तास. २०२५मध्ये गिडनी यांनीच तो सुधारला : दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या आकड्याची. असं यंत्र कुणी बांधलेलं नाही. नुसत्या कागदावरच्या डोक्यालिटीने गरज विसाव्या हिश्शावर आली.

तुमच्या ठेवीला यातून आज धोका नाही. ओटीपी काही मिनिटांत मरतो. वीस वर्षांनी तो कुणी वाचला तर वाचू दे बापडा. धोका आहे तो वीस वर्षांनीही गुपितच राहायला हवं अशा माहितीला. परराष्ट्र खात्याचे संदेश, संरक्षणाचे आराखडे, रुग्णांच्या जनुकीय तपासण्या, बोटांचे ठसे. ठसा काही पासवर्डसारखा बदलता येत नाही. तिजोरी उघडत नसेल तर चोर ती तशीच उचलून नेतो आणि घरी सावकाश फोडतो. इथेही कूटबद्ध माहिती आजच साठवून ठेवायची आणि यंत्र आलं की उघडायची, असा डाव खेळता येतो. म्हणून यंत्र कधी येईल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. डिजिटल स्वाक्षऱ्याही अशाच गणितांवर उभ्या असतात. आपल्याकडे सातबाऱ्यावरही आता अशी स्वाक्षरी असते. ती बनावट करता येऊ लागली, तर काय गोंधळ उडेल ते खेड्यात राहिलेल्या माणसाला कळेल.

नवी कुलपं तयार आहेत. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यांतली दोन शेकडो मितींच्या जाळीत जवळचा बिंदू शोधण्यासारख्या कोड्यांवर उभी आहेत. ती क्वांटम यंत्रालाही सुटत नाहीत, निदान आजवर तरी. हा ‘आजवर’ महत्त्वाचा. निस्टच्याच स्पर्धेत बरीच पुढे गेलेली ‘साइक’ नावाची पद्धत बेल्जियममधल्या दोन गणितज्ञांनी २०२२मध्ये साध्या कॉम्प्युटरवर तासाभरात मोडली. तिथे क्वांटमचा संबंधही नव्हता. त्यामुळे ‘सिग्नल’ या संदेशांच्या ॲपने २०२३मध्ये आणि ॲपलच्या आयमेसेजने २०२४मध्ये जुनं कुलूप न काढता त्याच्या जोडीला नवं लावलं, ते मला शहाणपणाचं वाटतं. चोराला दोन्ही फोडावी लागतील.

तुमच्याकडून काम एवढंच : मोबाइलवर ‘अपडेट’ची सूचना आली की ती पुढे ढकलू नका, कारण नवं कुलूप त्याच वाटेने येतं. आणि बँकेतून बोलतोय म्हणत कुणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. त्या चोराला कुठलाच कॉम्प्युटर लागत नाही.