विजयस्तंभावरील नावे

भीमा नदीकाठचा कोरेगावचा विजयस्तंभ आपल्यापैकी अनेकांनी १ जानेवारीच्या गर्दीत पाहिला आहे. वाचला मात्र थोड्यांनी. ‘५०० विरुद्ध २८,०००’ या आकड्यांतच आपण रमतो. मानपाड्यातील आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रथम स्तंभावरील नावांकडे वळवतो.

१८१८ च्या लढाईनंतर तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, कंपनी सरकारने त्याची पायाभरणी केली. हेतू उघड होता : स्वतःच्या विजयाचे स्मारक. परंतु त्यावरील ४९ मृतांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ आहे. हे महार शिपाई. सोबत मराठा, रजपूत, मुस्लिम नावेही आहेत. ज्यांची सावलीही विटाळ मानली गेली, त्यांची नावे इतरांच्या रांगेत सरकारी दगडावर आली!

‘पण ते तर इंग्रजांसाठी लढले ना?’ ही शंका विद्यार्थी घेतात, आणि ती त्यांनी घ्यावीच. शिपाई पगारी होते. समतेच्या लढ्याचा अर्थ त्या स्तंभाला पुढील पिढ्यांनी दिला. कंपनीची जागा घेतलेल्या ब्रिटिश सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा पूर्वजांच्या सेवेचा दाखला देत अर्ज करावे लागले. सुभेदार रामजींचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी आले. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या टोपीचिन्हावर हाच स्तंभ होता.