रेझिनच्या लहान प्रतिकृति : ओतकामाचा आरंभ

एकाच आकाराच्या अनेक वस्तु करावयाच्या असल्या म्हणजे साचा लागतो, हें आमच्या वाचकांस स्वयंपाकघरांतच शिकावयास मिळालेलें आहे. पेढ्याचा लांकडी साचा आणि नाताळांत मार्झिपानच्या मिठाईसाठीं वापरतात तो रबरी साचा, हे दोन शेजारीं ठेवून पाहावे. लांकडी साच्यांतून तोच आकार सुटतो, ज्याला आंत वळलेला कोपरा नाहीं. रबर वांकतें, म्हणून त्यांतून नाजूक पाकळीहि अखंड बाहेर येते. रेझिनच्या ओतकामाचें अर्धें मर्म या एवढ्याशा भेदांत आहे.

आधीं मूळ नमुना सिद्ध करावा. आरंभास तो एका बाजूनें सपाट असावा. बैलगाडीचें लहानसें चाक किंवा घराची खिडकी पुरे. नमुन्यावर राहिलेला बोटाचा ठसाहि रबर प्रत्येक प्रतींत उतरवितें, म्हणून घासपूस येथेंच करावी. नमुना स्वतःच्या हातचा असावा, असा आमचा आग्रह आहे. दुसऱ्या कारागिराची विकत आणलेली मूर्ति साच्यांत घालून तिच्या प्रति विकणें म्हणजे त्याच्या मेहनतीवर डल्ला मारणें होय.

साच्यासाठीं सिलिकोन रबर घेतात. त्याचे दोन घटक एकत्र कालविले म्हणजे कांहीं तासांत तें घट्ट होतें. नमुना सपाट बाजूनें डबीच्या तळाशीं चिकटवावा, चोहोंकडे सुमारें १ सेंटिमीटर जागा सोडावी, आणि रबर एका कोपऱ्यांत उंचावरून बारीक धारेनें ओतावें. बारीक धारेंत बुडबुडे फुटतात, आणि रबर आपण होऊन चढत येऊन हवेस पुढें लोटतें. नमुना दोन्ही बाजूंनीं घडविलेला असेल तर तो अर्धा मातींत पुरून साचा दोन भागांत करावा लागतो. मातींत चार खळगे पाडले म्हणजे पुढें दोन्ही भाग एकमेकांत नेमके बसतात. सिलिकोन सिलिकोनासच चिकटतें. म्हणून दुसरा भाग ओतण्यापूर्वीं पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. माती गंधकयुक्त असेल तर प्लॅटिनम जातीचें रबर चिकटच राहतें.

आतां रेझिन. लहान प्रतिकृतींस बहुधा पॉलियुरेथेन वापरतात. तेंहि दोन बाटल्यांत येतें. बाटलीवरील प्रमाण वजनाचें आहे कीं मापाचें, हें आधीं वाचावें. अंदाज येथें कामाचा नाहीं, कारण कमीअधिक झालेला घटक तसाच राहून वस्तु चिकट किंवा ठिसूळ होते. किती रेझिन लागेल हें साच्यांत कोरडे तांदूळ भरून मोजावें. कित्येक जाती कालविल्यापासून दोनतीन मिनिटांतच थिजूं लागतात, तेव्हां सर्व साहित्य हाताशीं मांडूनच आरंभ करावा. या रेझिनचा मोठा वैरी ओलावा. त्याशीं संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो व ओतीव वस्तूस फेस येतो. कोंकणांतल्या पावसाळ्यांत हें काम न काढलेलें बरें.

पालकांस मात्र आम्हांस निक्षून सांगावयाचें आहे. पॉलियुरेथेनच्या एका घटकांत आयसोसायनेट असतें. त्याच्या वाफेनें दमा जडूं शकतो, आणि एकदां शरीर बिथरलें कीं पुढें अत्यल्प वाफहि पुरते. इपॉक्सी रेझिननें त्वचेवर पुरळ उठतो. नाइट्राइलचे हातमोजे व डोळ्यांस चष्मा हवा, हवा खेळती हवी. साध्या फडक्यानें वाफ अडत नाहीं. घट्ट झालेली वस्तु घासावयाची ती पाण्याखालीं, म्हणजे धूळ उडत नाहीं. स्वयंपाकाचें भांडें एकदां या कामास लागलें कीं तें पुन्हां चुलीवर चढवूं नये.

म्हणूनच आमच्या मतें विद्यार्थ्यांनीं त्याच रबरी साच्यांत प्रथम प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावें. तें स्वस्त असून त्यास वाफ नाहीं. परंतु घट्ट होतांना तेंहि तापतें. इ. स. २००७ सालीं इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत एका १६ वर्षांच्या मुलीनें शाळेंत स्वतःच्या हातांचा ठसा घेण्यासाठीं हात प्लास्टरमध्यें बुडविले. त्या उष्णतेनें भाजून तिला बोटें गमवावीं लागलीं. प्लास्टर साच्यांत ओतावें, शरीराच्या कोणत्याहि भागाभोंवतीं कदापि नव्हे.

प्लास्टरचीं दहाबारा चाकें न मोडतां निघूं लागलीं, म्हणजे वडील माणसास जवळ घेऊन रेझिनची सर्वांत लहान जोडबाटली आणावी. पेल्यांत उरलेलें रेझिन मोरींत ओतूं नये. तें पेल्यांतच पुरतें घट्ट होऊं द्यावें आणि मग टाकावें.